भुऱ्याला आईपासून तोडलं तेव्हा

शकुनबाईचा जीव माणसांत कमी आणि गोठ्यात जास्त, असं आंधळगावाकडच्या त्या गावात सगळेच म्हणत. तिला त्याचा राग येत नसे. लेक लग्न होऊन गेल्यापासून तिची सकाळ गोठ्यातच उजाडायची. शेण काढता काढता ती जनावरांशी बोलायची, रुसायची, प्रसंगी शिव्याही हासडायची.

गाय एकच, गवरी. एकोणऐंशी साली धान निसवायच्या वेळेला पाण्यानं दगा दिला आणि त्याच हिवाळ्यात ती व्याली. गोऱ्हा झाला, पण असा मरतुकडा, की उभा राहिला की चारी पाय चार दिशांना जायचे. शकुनबाईनं त्याला बोटानं पेज चाटवली, आपलं जुनं लुगडं पांघरलं. जगला. रंगावरून त्याचं नाव पडलं भुऱ्या.

आता दीड वर्षानं भुऱ्याला शिंगं आली होती, तरी तो गुडघे टेकून, मान वाकडी करून आईला लुचायचा. शकुनबाई कौतुकानं बघत राहायची. गवरीच्या पुठ्ठ्यांची हाडं मात्र वर आली होती, कातडं बरगड्यांना चिकटलं होतं. वर्ष उलटलं तरी ती माजावर आली नव्हती.

"भाकड झाली ही," एक दिवस तिचा नवरा केशवराव म्हणाला. "दिवाळीचं गायगोधन झालं का बाजारात नेतो."

शकुनबाईच्या हातातली पाटी खाली आली. भाकड, हाडकुळी गाय बाजारातून पुन्हा कोणाच्या गोठ्यात जात नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिनं नवस बोलला. गावदेवीला नारळ फोडला. आपल्या भाकरीतली अर्धी गवरीला घातली. काही फरक पडेना.

मग आषाढात आखरावर, सकाळी गावची गुरं गोळा होतात तिथं, गायकी मनिरामनं तिला हटकलं. सगळ्या गावाची गुरं हाच रानात चारायचा.

"वयनी, तुमी गायीले खाऊ घालून राहिल्या, अना तो टोणगा सारं पिऊन राहिला. रानात दिवसभर तिच्या मांगंच असते. तिच्या अंगाले लागन का?"

"टोणगा कोणाले म्हणता जी?" शकुनबाई उसळली. "लेकरू आहे ते!"

"मले त लेकराचे शिंगच लागले परवा," मनिराम मांडी चोळत म्हणाला. "मुसकं बांधा त्याले. काट्याचं. जोवर तो पिते, तोवर ती माजावर येत नाई."

ती तणतणत घरी आली. पण दुपारी कधी नव्हे ते तिनं गोठ्यात बसून नीट पाहिलं. भुऱ्यानं कासेला धडक दिली तशी गवरीचे मागचे पाय लटपटले. सडांना भेगा पडल्या होत्या. गवरी त्याला हाकलत नव्हती, नुसती उभी होती, डोळे मिटून. आपण कौतुक करत होतो ते कशाचं, असं वाटून शकुनबाई खाली मान घालून बसली.

तिनं स्वतः दोरी विणून मुसकं केलं, पुढून बाभळीचे काटे गुंफले. भुऱ्या जवळ गेला, काटे टोचले, गवरीनं लाथ झाडली. भुऱ्या हंबरला, गवरीही हंबरली. तिन्हीसांजेला मात्र शकुनबाईला राहवेना. तिनं मुसकं काढून फेकलं आणि भुऱ्या धावत कासेला लागला.

"केलंस ना वाटोळं?" केशवराव दारातून हसला.

"हो, केलं!" ती ओरडली आणि तिथंच रडायला लागली.

सकाळी तिनं नाकाडोंगरीला भाऊ श्यामरावाकडे सांगावा धाडला. तो बैलगाडी घेऊन आला. भुऱ्याला गाडीमागं बांधताना शकुनबाईनं तोंड फिरवलं. गवरी मात्र दावं ताणून पार नजरेआड होईतो बघत होती. त्यानंतर काही दिवस दोघीही नीट जेवल्या नाहीत.

पुढचं भांडण ढेपेचं, म्हणजे पेंडीचं. घरची ढेप आणि कोंडा बैलांचा, गाय नुसत्या तणसावर, धानाच्या वाळल्या काडावर, हा केशवरावाच्या बापापासूनचा कायदा.

"बैल नांगर ओढते. गाय का ओढते?"

"अवो, मंग तुमचे बैल का आभायातून पडले?"

दुसऱ्या दिवसापासून गवरीच्या घमेल्यात मूठभर ढेप दिसायला लागली.

भादव्यापर्यंत गवरीच्या बरगड्या मांसात बुडाल्या, पाठीला झळाळी आली. तरी माज नव्हता. गायगोधनाला तिची शिंगं रंगवली, गळ्यात झेंडूची माळ घातली, खिचडी खाऊ घातली. शकुनबाईला तो घास भरवणं जड गेलं, आता बाजारच उरला होता.

बाजाराच्या दिवशी केशवरावानं गोठ्यातून दावं सोडलं. गवरी चारा सोडून रात्रीपासून हंबरत होती. शकुनबाईला वाटलं, हिला कळलं, आणि ती मागोमाग चालू लागली. पण आखराजवळ मनिराम आडवा आला.

"कुठं नेऊन राहिले, भाऊ? आंधळे झाले का? माजावर आली न ती!"

गावचा सांड तेव्हाच मान हलवत रस्ता ओलांडत होता. केशवराव एकदा सांडाकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला. मग त्यानं दावं सैल सोडलं.

गवरी गाभण राहिली. पोट दिसायला लागलं तसा केशवराव एक दिवस म्हणाला, "भुऱ्याले आणाव का परत? तुले करमत नाई."

शकुनबाई गवरीपुढं कुटार टाकत होती.

"नोको," ती म्हणाली. "तो आला त ही पुन्हा उभीच राहीन त्याच्यासाठी. मीच जाऊन येतो नाकाडोंगरीले."



आणि ती गेली, पदरात भुऱ्यासाठी भाकरी बांधून.