सळईला घातलेली मुरड

गाडीचं इंजिन बदलत असताना म्हाताऱ्या माणसाने आपल्या घरी बसावं, असं माझं ठाम मत आहे. पूर्वी नव्हतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण गळतीच्या बाबतीत चारकोपच्या आमच्या सेक्टरमध्ये माझा हात धरणारं कुणी नाही. बादली गळो, टाकी गळो, मोरीचा पाइप गळो, लोक आधी माझी बेल वाजवतात. बाजारात ती दोन रंगांची लांबी मिळते ना, दोन्ही तुकडे एकत्र मळायचे, लावायचे, की थोड्या वेळात दगड! ती माझ्या पिशवीत कायम असते. इतर बायकांच्या पिशवीत रुमाल असतो, माझ्या पिशवीत लांबी. (आमच्याकडचा प्लंबर मला बघून रस्ता बदलतो. बदलू दे.)

आता गाडीचं. माझी सून सुलभा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. मुलगा बाळ्या अंधेरीला ऑफिसात खुर्ची चालवतो. सुट्टीत व्हॅनचं इंजिन जाम झालं. सोमवारी शाळा उघडणार, आणि पलीकडच्या सेक्टरमधला एक व्हॅनवाला आमच्या मुलांच्या आयांकडे बघून आत्तापासूनच गोड हसायला लागला होता. सोमवारी सकाळी सुलभाची गाडी दिसली नाही तर पोरं त्याच्या गाडीत, आणि सुलभा घरात. ती घरात म्हणजे दिवसभर माझ्यासमोर! तेव्हा काळजी मलाही होती.

दुसरं इंजिन मिळालं, जुन्या बाजारातून, पण जरा वेगळ्या गाडीचं. ते बसवायला पिंट्या. पिंट्याचं गॅरेज इंडस्ट्रियल इस्टेटच्या कडेला, माणूस आमच्या मालवणकडचा. त्याला रोज जेवणाचा डबा मी पोचवायचे. पोटात बांगडा गेला की त्याच्या हातातला पाना पळतो. एरवी पाना आणि पिंट्या दोघे झोपतात.

शनिवारी मी डबा घेऊन गेले तर इंजिन आत बसलेलं. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. इंजिन बसलं, पण वरची सीट बसेना.

"वयनी, नळी आडवी येता," पिंट्या सुलभाला म्हणाला.

नळी म्हणजे तेल मोजायच्या सळईची. सळई काढायची, पुसायची, परत बुडवायची आणि तेल कुठवर लागलं ते बघायचं. विहिरीत काठी घालून पाणी बघतात तसंच. ही नळी आमच्या सीटला दोन बोटं उंच होत होती.

"मग पुढच्या पोराला मांडी घालून बसव," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

पिंट्याने नळी वरून दोन बोटं कापली आणि सळईची मूठही तेवढीच खाली घेतली. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "काकी, तसा नाय केला तर सळई जास्ती खोल जातली. तेल कमी आसला तरी भरपूर दिसतला."

हे मला लगेच पटलं. आमचे हे असेच होते. डबा रिकामा असला तरी म्हणायचे, भरपूर आहे.

पण या ओढाताणीत नळीचं खालचं टोक इंजिनात ढिलं झालं. तिथून तेल गळणार. तिथे सील हवं, आणि तेही गरम तेलात टिकणारं. ते आणायला पिंट्या स्कूटरवर निघाला, मागे सुलभा, तेलाचा कॅन घ्यायला. जाताना म्हणाली, "आई, जरा लक्ष ठेवा हं."

लक्ष ठेवा म्हणाली, हात लावा म्हणाली नव्हती. मान्य आहे. पण मी आत डोकावले. खालचं टोक कुठेतरी पाताळात, माझे गुडघे तिथे पोचणारे नव्हेत. वर मात्र नळीचं तोंड समोर, आणि सळईच्या मुठीभोवती चांगली फट! मी विचार केला, बाटलीला बूच लावतात ते वर. बुडाला बूच लावलेलं कुणी पाहिलंय? हे दोघे उन्हात तडफडत गेलेत, आणि औषध माझ्या पिशवीत!

मी लांबी काढली. कणीक मळते तशी मळली. मुठीभोवती गुंडाळली, थुंकी लावून अंगठ्याने गुळगुळीत केली आणि कडेने नीट मुरड घातली. मुरड नसती तरी चाललं असतं. पण हाताला सवय. मग वर्तमानपत्राने वारा घातला. वाळल्यावर वाजवून बघितली. टण्ण!

दोघे परत आले. पिंट्या गाडीखाली शिरला, खालचं सील लावलं, वाळू दिलं, मग तेल ओतलं. माझं काम त्याला दिसलंच नाही. करडी लांबी, करडं इंजिन. (माझी कामं अशीच बेमालूम असतात.) मी ठरवलं, आपण होऊन सांगायचं नाही. कळल्यावर कौतुक जास्त होतं.

पिंट्याने सळईला हात घातला. ओढली. परत ओढली. मग तोंड आत घालून बघितलं.

"काकी," तो हळूच म्हणाला, "ह्यां काय?"

"सील!"

"वरच्या तोंडाक?"

"मग काय! आता थेंब बाहेर येणार नाही."

"थेंब नाय येवचो. पण सळईसुद्धा येवची नाय! मी तेल बघू कसा?"

एवढ्यात बाळ्या आला. सुट्टी असल्यामुळे झोप काढून, पांढरा शर्ट घालून. "सरका रे, ताकद लागते," म्हणाला. दोन्ही हातांनी मूठ धरली, पाय सीटला लावला आणि ओढलं. मूठ आली. बाळ्यापण आला, मागच्या टायरावर. सळई आत तशीच.

"आई, तू काय लावलंस काय हे?"

"चांगली लागलीय ना? बघ!"

मग छिन्नी झाली, पकड झाली, हातोडी झाली. शेजारच्या गाळ्यातला वेल्डर बघायला आला आणि "भारी काम आहे" म्हणून गेला. (त्या दिवशीचं तेवढंच कौतुक.) हातोडीने नळीच चेपली. शेवटी पिंट्याने स्क्रू काढले आणि अख्खी नळी सळईसकट उपटली. ती सुटली ती गोल फिरूनच. गाडीत तेल किती आहे हे तेव्हा कळलं. बाळ्याच्या शर्टावर, छातीपर्यंत.

चेपलेली नळी हातात घेऊन सुलभाने मुरडीवरून बोट फिरवलं.

"आई, सोमवारी मुलांच्या आयांना काय सांगू? गाडी नाही, आमच्या सासूबाईंनी करंजी केली?"

मला हसू आलं आणि मग आलं नाही. चाळिशी उलटल्यावर गाडी शिकलेली बाई ही. बाळ्या म्हणत होता झेपणार नाही. एकेक मूल तिने दारोदार फिरून मिळवलं होतं, आणि मी अंगठ्याच्या एका मुरडीत सगळी पोरं त्या गोड हसणाऱ्याच्या गाडीत बसवायला निघाले होते!

"दुसरी नळी आण की रे," मी पिंट्याला म्हटलं.

"उद्या आयतवार. दुकाना बंद. सोमवारी दुपारी मिळतली."

सुलभा कोपऱ्यात पडलेल्या जुन्या इंजिनाकडे बघत होती. "पिंट्या, त्याची नळी तर आमच्या सीटखाली बरोबर बसायची ना?"

"बसायची. पण तिचा बूड बारीक. नव्या भोकात डुगडुगतली."

"मग बुडाला कडं घाल. बांगडी ढिली झाली की आत दुसरी घालतो तसं."

पिंट्या लगेच तांब्याच्या नळीचा तुकडा शोधायला लागला.

रविवारी परत सगळे गॅरेजात. कडं घासून बसवलं, सील लावलं. आता जुन्या सळईवरच्या खुणा नव्या इंजिनाला लागू नव्हत्या, म्हणून सगळं तेल काढलं, पाहिजे तेवढंच मोजून परत ओतलं, सळई बुडवली आणि तेल लागलं तिथे कानशीने नवी खूण केली. मला लांब स्टुलावर बसवलं होतं. पिंट्याने माझ्या एका हातात चहाचा कप दिला आणि दुसऱ्या हातात दुसरा.

"दोन कशाला रे?"

"दोनी हात गुंतलेले बरे, काकी."

संध्याकाळी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, आणि लागलं! सुलभाने सळई काढली, पुसली, बुडवली, काढली. तेल बरोबर खुणेवर. खाली एक थेंब नाही. बाळ्याने टाळ्या वाजवल्या. माझ्या दोन्ही हातांत कप, मी मान हलवली.

सोमवारी सकाळी व्हॅन फाटकाशी उभी. गोड हसणारा हसायचा थांबला. आणि सुलभा मला म्हणाली, "आई, चपला घाला. आजपासून तुम्ही माझ्याबरोबर यायचं."

तेव्हापासून मी रोज सकाळी आणि दुपारी पुढच्या सीटवर असते. खाली इंजिन, त्यामुळे कंबर छान शेकते. इमारतीत मी सगळ्यांना सांगितलंय, शाळेच्या गाडीत एक बाईमाणूस लागतं, मुलांवर लक्ष ठेवायला. खोटं नाही. पण सुलभाने पहिल्याच दिवशी गाडी थांबवून मुलांना बजावलं होतं, "आजीने गाडीतल्या कशालाही हात लावला की मला लगेच सांगायचं." बाकीची पोरं भोळी आहेत. मागच्या बाकावर पहिलीतली एक चिमुरडी बसते, ती अख्ख्या रस्त्याभर माझ्या अंगठ्याकडे बघत असते.