वरच्या खोलीत ठेवलेली सायत्राबाई

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. बोलणार तरी कुणाशी? गोंदियाजवळ कुडवा गावातल्या घरात मी एकटीच असते. तुम्ही ऐकताय, म्हणून सांगते.

गोंदियातल्या एका खाजगी दवाखान्यात मी वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होते. दर्जाचं प्रमाणपत्र मिळावं म्हणून आमची तपासणी व्हायची होती. भिंती रंगवल्या, हात धुण्याचे तक्ते लागले, आम्ही उत्तरं पाठ केली. माझ्याकडे तेव्हा केशोरी गावची सायत्राबाई होती. लकव्यातून उठून धरून धरून चालायला लागली होती. पण पाठीला जखम — पडून पडून झालेली. तिची कूस बदलायला आम्हीच कमी पडलो होतो. तपासणीवाल्यांनी ती जखम पाहिली तर?

तिला वरच्या रिकाम्या खोलीत हलवा, असं मला कुणी सांगितलं नव्हतं — मलाच सुचलं. तिच्या मुलाला औषधं आणायला बाजारात पाठवलं. त्या खोलीतली बेल बंद आहे, हेही मला ठाऊक होतं. ती माझा हात सोडेना.

"बाई, मले एकटी नोको ठेवू."

आत्ता येते म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

खाली तपासणीच्या मॅडमनी विचारलं, प्रत्येक पेशंटच्या हाताशी बेल असते का? मी हो म्हणाले. मग चहा झाला, फोटो झाले. मी विसरले होते का तिला? नाही — विसरले नव्हते. मला फोटोत उभं राहायचं होतं.

वर गेले तेव्हा ती फरशीवर पडली होती. लघवीला जायला एकटीच उतरली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. मुलगा आला, त्याला मी सांगितलं — न सांगता उतरल्या त्या. तो आईवरच चिडला.

"काऊन उतरली वं माय? हाक मारता येत नव्हती तुले?"

तिनं हाका मारल्या होत्या. मारून मारून आवाज बसला होता तिचा. तिनं माझ्याकडे पाहिलं — बराच वेळ. मग मुलाला म्हणाली, "चुकलं माहं."



ती पुन्हा चालली नाही. खाटेवरच गेली, असं पुढे कानावर आलं. दवाखान्याला प्रमाणपत्र मिळालं, मला बढती मिळाली. तो मुलगा अजूनही आईचीच चूक समजत असेल. केशोरीची बस रोज सुटते. मी कधी तिच्यात बसले नाही.