गुलाबी लावणार नाही

पेंटरीणबाईंनी तीस वर्षांत किती सिनेमांचे बोर्ड रंगवले, ते त्यांना स्वतःलाही सांगता यायचं नाही. पण कुठल्या सिनेमाला कुठला रंग लावला होता, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील आणि झोपमोड केल्याबद्दल वर चार शब्द सुनावतील. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. टॉकीजचा डोअरकीपर, रंगाचा दुकानदार, सख्खा मुलगा, सगळे त्यांना वचकून असतात. वचकत नाही ती एकटी सून, आणि म्हणूनच बाईंचं तिच्याशी पटतं.

हे काम बाईंना सासऱ्यांनी शिकवलं. सासरे नावाजलेले बोर्ड पेंटर. पण त्यांच्या मुलाच्या, म्हणजे बाईंच्या नवऱ्याच्या हातात ब्रश दिला की सरळ रेघही वाकडी यायची. एकदा नवीन सुनेने, म्हणजे बाईंनी, पिठाच्या डब्यांवर नावं घातलेली त्यांनी पाहिली. डबा उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "उद्यापासून दुकानात ये." घरात दोन दिवस धुसफूस झाली. तिसऱ्या दिवशी सून दुकानात बसून चौकटी आखत होती.

सासऱ्यांचं म्हणणं असं की माणूस पोस्टर वाचत नाही, तो त्याचा वास घेतो. बस थांब्यावरून सुटून कोपऱ्यावर वळेपर्यंत जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात त्याला कळलं पाहिजे की आत गेलं की रडायचंय, हसायचंय की घाबरायचंय. मारामारी असेल तर अक्षरं तिरकी घाल, मागे नारिंगी धूर सोड. विनोदी असेल तर मागे पिवळा, डोकी मोठी, अंगं छोटी. भुताचा असेल तर काळा रंग सढळ हाताने वापर, आणि भूत दाखवू नकोस, दार किलकिलं दाखव. घरगुती असेल तर सगळ्यांना फोटोला उभं केल्यासारखं उभं कर. आणि प्रेमाचा असेल तर गुलाबी, दोन चेहरे एकमेकांकडे कललेले, अक्षरं वळणदार, एकमेकांच्या गळ्यात पडलेली.

हे सगळं बाईंनी भराभर उचललं आणि पहिल्याच वर्षी सपशेल तोंडावर पडल्या. एका सिनेमाचे फोटो आले होते. त्यात बाहुली घेऊन हसणारी एक गोड मुलगी. सिनेमा पाहायला वेळ नव्हता. बाईंनी पिवळा मारला, गुबगुबीत गोल अक्षरं काढली. रविवारी आईबाप पोरांना नटवूनथटवून घेऊन आले. सिनेमा त्या बाहुलीच्या भुताचा होता. मध्यंतराआधीच टॉकीजमध्ये रडारड सुरू झाली. संध्याकाळी एक माणूस थेट दुकानात आला. त्याच्या मुलाने त्याच्या गळ्याला अशी मिठी मारली होती की ती सुटता सुटत नव्हती. माणूस ओरडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "बाई, तुमचं चित्र बघून आलो हो आम्ही."

त्या दिवसापासून सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय बाईंनी ब्रश ओला केला नाही. वितरक घाई करायचे, नाकं मुरडायचे, पेंटरला काय करायचाय सिनेमा म्हणायचे. बाई ऐकून घ्यायच्या आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसायच्या.

आता छापील फ्लेक्सचा जमाना आहे. हाताने रंगवलेला बोर्ड सगळ्या शहरात एकाच टॉकीजवर लागतो, कारण तिचा मालक जुन्या वळणाचा आहे. बाकीचं काम सून कॉम्प्युटरवर करते. छोटी पोस्टरं, मोबाईलवर फिरणारी चित्रं. बोर्ड असो की पोस्टर, काम येतं ते एकाच वितरकाकडून. तो बाईंच्या नवऱ्याचा शाळेतला मित्र, त्यामुळे बाई त्याला भाऊजी म्हणतात आणि तो बाईंना वहिनी. माणूस तसा वाईट नाही. फक्त ज्या सिनेमाला गर्दी होईल असं त्याला वाटतं, तसाच प्रत्येक सिनेमा असावा अशी त्याची इच्छा असते, आणि नसला तर निदान तसा दिसावा.

गेल्या महिन्यात त्याने एक सिनेमा आणला. नवीन माणसांनी केलेला, ओळखीचा एकही चेहरा नसलेला. कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या एका बाईची गोष्ट. तिथला सुपरवायझर तिच्या मागे लागतो. फुलं पाठवतो, घरापर्यंत येतो, तिच्या आईची औषधं आणून देतो. आई खूश, भाऊ खूश, शेजारणी तर तिचा हेवा करतात. तिला तो नको असतो. एके दिवशी कारखान्याच्या जिन्यात तो तिचं मनगट पकडतो. ती सोडवून पळते आणि घरी येऊन सांगते. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे ती सांगत राहते आणि जो तो तिला म्हणतो, अगं, प्रेम आहे त्याचं तुझ्यावर.

सासूसुनांनी शेजारी बसून सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. बाईंनी चष्मा पुसला. सुनेने नाक ओढलं.

दुसऱ्या दिवशी वितरकाने फोटो पाठवला आणि सोबत निरोप. फोटो नेमका जिन्यातला. निरोप एका ओळीचा: हाच वापरा, गुलाबी करा, सध्या प्रेमकथा चालताहेत.

दुपारी बाई बाहेरून आल्या तेव्हा सुनेच्या कॉम्प्युटरवर पोस्टर तयार होतं. आणि ते सुरेख झालं होतं, हीच तर पंचाईत होती. फोटोत सुनेने एक रेघ बदलली नव्हती. फक्त कोपराखाली फोटो कापला होता, म्हणजे मनगटावरची बोटं गेली. मागे गुलाबी टाकला होता आणि नाव वळणदार अक्षरांत घातलं होतं. एवढ्यानेच जिन्यात जीव मुठीत धरून उभी असलेली बाई प्रियकराकडे मान वर करून बघायला लागली होती.

"हे तू केलंस?" बाईंनी विचारलं.

"करायला सांगितलं म्हणून केलं, आई."

"काल माझ्या शेजारी बसून रडत कोण होतं मग?"

सून खुर्चीतच वळली. "आपण नाही केलं तर दुसरं कुणीतरी करणारच ना? आणि काकांचं काम गेलं तर आपल्याकडे दुसरं कोण येतंय?"

"दुसरं कुणी करील तर करू दे. त्याच्या हाताने होऊ दे. तुझ्या नको."

"तुम्हाला बोलायला सोपं आहे."

"सोपं असतं तर आवाज चढवला असता का मी?"

सुनेने पोस्टर पाठवून दिलं. दोन दिवसांत शहरभर भिंतीभिंतींवर आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर ती बाई गुलाबी होऊन प्रेमात पडली. बाईंनी सुनेशी अबोला धरला. मिठाचा डबा हवा असला तरी मुलाला सांगायच्या, "तिला म्हणावं, मीठ दे." मुलाने कपाळाला हात लावला आणि मीठ दिलं.

राहिला होता टॉकीजवरचा मोठा बोर्ड. तो बाईंच्या हातात होता. मंगळवारी त्या परांचीवर चढल्या. वितरकाला वाटलं, सगळीकडे गुलाबी तर इथेही गुलाबीच. बाईंनी त्याला ताकास तूर लागू दिली नाही. तो फोन करून विचारायचा, "कुठवर आलंय, वहिनी?" बाई वरून सांगायच्या, "येतंय."

मागचा रंग त्यांनी जिन्याच्या भिंतीचा घेतला, ट्यूबलाइटखाली दिसतो तसा आजारी हिरवट. अक्षरं पांढरी, ताठ, एकमेकांना न शिवणारी. मधोमध मनगट, पुरुषभर उंचीचं. त्यावर पाच बोटं, आणि जिथे बोटं रुतली तिथली कातडी पांढरी पडलेली. त्या पांढऱ्यापायी बाईंनी अख्खा बुधवार घालवला. वर कोपऱ्यात त्या बाईचा चेहरा. ती पुरुषाकडे बघत नव्हती, थेट रस्त्याकडे बघत होती.

गुरुवारी दुपारी सून टॉकीजवर आली. खाली उभी राहून बराच वेळ वर बघत राहिली. मग चपला काढल्या आणि जन्मात पहिल्यांदा परांचीवर चढली. बाईंनी हात धरून तिला बसवलं. तिने रंगाच्या डब्यात डोकावून पाहिलं.

"आई, तेल फार झालंय ह्यात. आठवडाभर वाळायचं नाही हे."

"झालं नाहीये. घातलंय."

सुनेने रंगात बोट बुडवून पाहिलं. मग तिला उलगडा झाला. ओल्या बोर्डावर कुणालाही फ्लेक्स चढवता येत नाही. चढवला तर चिकटतो, सुरकुततो आणि वाऱ्याने खाली येतो. हे बोर्डवाल्यांना ठाऊक असतं, वितरकांना नसतं. "अबोला संपला का?" तिने विचारलं.

"तो मोठा ब्रश दे इकडे," बाई म्हणाल्या. म्हणजे संपला होता.

उरलेल्या हिरव्यावर दोघींनी मिळून तेलकट रंगाचा एक जाड हात फिरवला.

शुक्रवारी सकाळी वितरक आला तेव्हा बाई परांचीवर होत्या आणि सून खाली उभी होती. सिनेमा त्याच दिवशी लागणार होता. त्याने बोर्ड पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. मग एकदम चढला.

"हे काय आहे, वहिनी?"

"सिनेमा आहे, भाऊजी. तुम्हीच आणलेला."

"हिरो कुठाय ह्यात?"

"तो काय, मनगटावर. तेवढाच आहे तो."

रस्त्यावरची चार माणसं थांबली. वितरकाने फ्लेक्सवाल्यांना फोन लावला. ते तासाभरात गुलाबी गुंडाळी खांद्यावर टाकून आले. एकाने बोर्डाच्या खालच्या कडेला बोट लावून पाहिलं आणि मान हलवली. वितरकाला काही पटेना. त्याने तळहात टेकवला. हात हिरवा झाला, आणि रागाच्या भरात त्याने तोच हात पांढऱ्या शर्टाला पुसला. फ्लेक्सवाल्यांनी तोंडं फिरवून हसू आवरलं.

"मुद्दाम केलंत तुम्ही!"

"हो, मुद्दाम." बाई परांचीवरून खाली उतरल्या आणि त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "सिनेमात तिची आई म्हणते प्रेम आहे. भाऊ म्हणतो प्रेम आहे. शेजारीपाजारी म्हणतात प्रेम आहे. त्या सगळ्यांना निदान जिन्यात काय झालं ते दिसलं नव्हतं. तुम्ही बघितलंत, मी बघितलं. आता मीसुद्धा चाळीस फुटी बोर्डावर प्रेम आहे म्हणून लिहू? गुलाबी लावणार नाही मी. तुमच्यासाठी नाही, कुणासाठीच नाही."

"मग हे तुमचं शेवटचं काम."

"शेवटचं तर शेवटचं."

"आणि माझंही," सून मागून म्हणाली. बाईंनी वळून तिच्याकडे बघितलं. असं काही ठरलेलं नव्हतं. बाईंना आनंद झाला, आणि पुढे काय ही काळजीही लागली. दोन्ही एकदमच.

बाराच्या खेळाला माणसं जमायला लागली. जोडपीच बहुतेक, गुलाबी पोस्टर बघून आलेली. एक तरुण आणि एक तरुणी बाईंच्या अगदी जवळच थांबली. तरुण मोबाईलकडे बघत होता, मग बोर्डाकडे, मग परत मोबाईलकडे.

"हाच ना सिनेमा? ह्यात तर प्रेमाचा दिसतोय."

तरुणी मोबाईलकडे बघतच नव्हती. "नाही रे. ती हात सोडवतेय. बोटं बघ त्याची."

"मग कशाला बघायचा? चल, पलीकडच्या टॉकीजला जाऊ. मूड जाईल उगाच."

"तू जा. मला हाच बघायचाय." तिने पर्समधून पैसे काढले आणि खिडकीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तरुण थोडा वेळ तिथेच चुळबुळत उभा राहिला आणि मग निघून गेला. आणखी तीन जोडपी बोर्ड बघून मागे वळली. वितरक एकेक परत जाणारा माणूस बघत होता.

"बघा, बघा तुमच्या चित्राचा पराक्रम," तो म्हणाला. "पोरं परत चाललीत. मिळालं काय, एक तिकीट! एका तिकिटावर चालतो का सिनेमा, वहिनी?"

बाईंनी रांगेतल्या त्या मुलीकडे पाहिलं. ती अजून मान वर करून बोर्डाकडेच बघत होती.

"अख्ख्या सिनेमात त्या बिचारीवर एकानेही विश्वास ठेवला नाही, भाऊजी," बाई म्हणाल्या. "इथे खेळ सुरू व्हायच्या आधीच एक मिळाली."