बाबाचा खोकला

सकाळी नऊपासून मी फुलचूरच्या बँक पॉइंटवर बसतो, पेन्शनचे फॉर्म भरतो. आता महिन्याला थोडा हप्ता भरायचा, साठीनंतर पेन्शन. दिवसभर एकच ऐकतो, "म्हातारा होईन तवा पाहू ना बे." हे मी वीस जणांच्या आवाजात काढून दाखवू शकतो. पण आता तोंड दुखते.

मोठा भाऊ राइस मिलमध्ये हमाल. बाबाही तिथंच होता; पाठ गेली, घरी बसला. गेल्या साली भावाला चाळीस पूर्ण व्हायला दोनच दिवस राहिले होते. चाळीस झाले की या पेन्शनमध्ये नाव लागत नाही. महिनाभर मी त्याच्या मागे. हप्त्यांचे तक्ते दाखवले, हिशोब सांगितला.

"दादा, तंबाखूचा रोजचा एक खर्रा कमी खा, बस."

"काऊन डोकं खाऊन राहिला बे? पोरगा हाये ना माहा. तो पाहीन."

त्या शनिवारी मिलसमोरच्या टपरीवर हमालांनी मला धरलं. मुकादमाची नकल झाली, ट्रकवाल्याची झाली. "और एक, भैया!" मी थकलेलो, दुसरं सुचेना. खांदे पाडले आणि बाबा काढला.

आमचा बाबा पैसे मागत नाही. भाऊ गाडीला किक मारायच्या आधी दारात येतो, दोनदा खोकलतो, विचारतो, "बाहेर जाऊन राहिला का?" भाऊ त्याच्याकडे न पाहता खर्ऱ्यासाठी वीसची नोट देतो.

मी तसाच खोकललो. सगळे हसले, भाऊही हसला. हसता हसता त्याचा हात आपसूक खिशात गेला. आणि तिथंच राहिला.

संध्याकाळी तो आधार कार्ड घेऊन पॉइंटवर आला. मागे मिलमधले तिघं.

"भर माहा फॉर्म. अन् बाबाची नकल आता करू नको."

पण कोणीतरी घरी सांगितलंच होतं. दुसऱ्या दिवशी भावाने गाडी चालू केली, थांबला. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेला. खोकलला नाही. भावाने नोट खाटेवर ठेवली. संध्याकाळी ती तिथंच होती.

तेव्हापासून बाबाने खर्रा सोडला. आई म्हणते, बरं झालं.

टपरीवर अजून म्हणतात, "तो खोकला काढ ना बे." काढला तर पॉइंटवर रांग लागेल, मला माहीत आहे. मी मुकादमाची नकल करतो. मग पॉइंटवर येऊन पुन्हा तक्ता उघडतो. समोरचा जांभई देतो.