मालकाचा फोटो

गारपिटीनंतर पंचनाम्याला तलाठी आमच्या शिवारात आले. माझ्या शेजारचं रान सिंधूताई बटाईनं कसते. बियाणं, खत सगळं तिचंच, आणि गहू पार आडवा झालेला. जमिनीचे मालक शहरातून गाडीनं आले होते.

"ताई, जरा बाजूला व्हा. फोटोत सातबाऱ्यावरचे मालकच हवेत," तलाठी अवघडून म्हणाले.

ती निमूट बांधावर माझ्याजवळ आली. "मालकांचे बूट चिखलात गेले हो," ती हळहळली.

अनुदान, विमा, मदत सगळं असंच तिच्या डोक्यावरून शहरात जातं. आता तिला रागही येत नाही, याचीच मला धास्ती वाटते.

गाडी गेली. ती चिखलातल्या ओंब्या वेचू लागली.

"कोंबड्यांना तरी होतील," म्हणाली.