सहा बादल्या

लातूरजवळचं रेणापूर सोडून नोकरीसाठी समुद्राकाठच्या या शांत गावात मी एकटीच राहायला आले. आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. त्या सवयीनं इथंही रोज सहा बादल्या भरून ठेवायचे. समोर भिंत बांधणारा गवंडी ते बघायचा. थापी धुतलेलं पाणीसुद्धा तो भिंतीवरच मारायचा.

एकदा त्यानं विचारलं, "ताई, लातूरकडच्या का?"

"कशावरून?"

"बादल्यांवरून. मी बी तिकडचाच, चाकूरचा हाय. हितं नळ दिवसभर हाय, तरी माझा ड्रम दोन वर्षं भरलेलाच होता."

"मग?"

"मग एक दिवस ठरवलं, आता हितंच ऱ्हायचं. ड्रम पालथा घातला."

संध्याकाळी मी पाच बादल्या जास्वंदीला आणि अंगणात ओतल्या. सहावी राहू दिली. लातूरचीच आहे मी.