चावीवाल्याचं फूल

आमच्या वर चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या चावीवाल्याशी मी जितकी भांडले तितकी नवऱ्याशीही भांडले नाही, आणि नवरा काही कमी नव्हता. फरक एवढाच की नवरा उलटून बोलायचा. चावीवाला नुसतं 'बरं' म्हणायचा. तुमच्या मोरीचं पाणी माझ्या भिंतीत उतरतंय म्हटलं, की बरं. खुर्ची ओढू नका, उचलून ठेवा, डोकं उठतं म्हटलं, की बरं. टाळी एका हाताने वाजत नाही म्हणतात. मी त्या माणसापुढे वर्षानुवर्षं एकाच हाताने वाजवत आले.

मी शिवणकाम करते. पडदे, उशांचे अभ्रे, लोकांचे कपडे उसवून लहानमोठे करणं. दोन खोल्या आहेत. नवरा गेल्यापासून एकीत मशीन असतं, दुसरीत मी. मुलगा लांब असतो. दर रविवारी फोन करून तब्येत विचारतो, मी ठणठणीत म्हणते, की तो आठवडा मिटला.

चावीवाला पहिल्यापासून एकटाच. लग्न का केलं नाही हे विचारण्याइतकी आमची बोलचाल नव्हती, भांडणच होतं. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान, एक माणूस गुडघे दुमडून बसेल एवढं. भिंतीवर कोऱ्या चाव्यांचे झुपके, पुढ्यात कानशी आणि चावी कापायचं यंत्र. बोटं कायम पितळेच्या भुकटीने पिवळी. कुणाची तिजोरी अडकली, कुणी चावी आत ठेवून दार ओढून घेतलं, की याला बोलावणं यायचं.

आणखी एका कामाला त्याला नेत. ते त्याने मला एकदाच सांगितलं, जिन्यात, मी केरसुणी घेऊन त्याची वाट अडवून उभी असताना. तो उशिरा का आला, एवढंच मी विचारलं होतं. तर म्हणाला, एकट्या राहणाऱ्या कुणी दार उघडलं नाही की पोलीस त्याला घेऊन जातात. त्याने कुलूप उघडायचं आणि बाजूला व्हायचं. मी विचारलं, लोकांना कळतं कसं?

"वासाने," तो म्हणाला. "बहुतेक वेळा वासानेच." मग खाली बघून म्हणाला, "माझं दार कोण उघडणार, हे कधी कधी मनात येतं. उघडणारा मीच ना."

एवढं बोलणं मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. मी म्हटलं, भलतंसलतं बोलू नका, आणि या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची आहे. तो बरं म्हणाला आणि केरसुणी घेतली.

त्याच्या फुलाचं झाडही अशाच एका दारातून आलं. कुणी म्हातारी बाई गेली होती. तिच्या भाच्यांनी सामान वाटून घेतलं आणि नको ते जिन्यात काढून ठेवलं. त्यात बुटाच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कंद होता. सुरणाच्याच घराण्यातला, वर गुलाबी कोंब. कोंब दिसतोय म्हणजे जिवंत आहे, टाकायचं कसं, म्हणून चावीवाल्याने तो घरी आणून कुंडीत लावला. उन्हाळ्यात त्याला एकच पान आलं, छत्रीएवढं, ठिपक्याठिपक्यांच्या देठावर. थंडीत ते पिवळं पडून आडवं झालं. मग कंद पुन्हा खोक्यात, खोकं टेबलावर. असं काही वर्षं चाललं. कंद चांगला डोक्याएवढा झाला. आम्हाला त्याचं काही नव्हतं. एका पानाने कुणाचं काय वाईट केलंय?

मग एका वर्षी, थंडी सरता सरता, जिन्यात वास येऊ लागला.

आधी वाटलं उंदीर मेला. मी फळ्या सरकवल्या, माळा झाडला. दुसऱ्या दिवशी वास इतका वाढला की घास तोंडात जाईना. तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात, आमच्या कमिटीचे सेक्रेटरी. नाकाने कांदे सोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचं नाक कामी आलं. ते मजल्या-मजल्याने हुंगत वर गेले आणि पांढरेफटक होऊन खाली आले. वास चावीवाल्याच्या दारातून येत होता. दुकान बंद होतं. त्याला कुणी पाहिलंही नव्हतं.

सगळे वर जमले. बाजारातल्या दुसऱ्या चावीवाल्याला बोलावलं. त्याने कुलूप नीट पाहिलं, हात पुसले आणि सांगितलं की हे त्याने स्वतः बनवलेलं आहे, हे उघडायचं तर त्यालाच बोलवा. शेवटी पहार आणून दार फोडलं. चौकट अर्धी उखडली. आम्ही नाकाला फडकी लावून आत शिरलो, तर आत कुणी नाही. टेबलावर ते खोकं, आणि त्यातून, ना माती ना पाणी, हातभर उंच फूल निघालेलं. कलेजीच्या रंगाचं, एकच पाकळी गुंडाळल्यासारखी, मधून काळपट दांडा. वास तोच सोडत होता. तरी आम्ही पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं. मास्तरांनी कपाट उघडून पाहिलं. मयत काही सापडेना.

चावीवाला बहिणीकडे गेला होता, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून. सांगून जाणार कुणाला? संध्याकाळी तो पिशवी घेऊन आला तेव्हा आम्ही अजून तिथेच उभे होतो. मास्तर कामाला फार तत्पर, त्यांनी दार फुटायच्या आधीच खालच्या फळ्यावर खडूने त्याच्या दुःखद निधनाची सूचना लिहून टाकली होती. तो ती वाचूनच वर आला.

"मजला चुकलाय," तो मास्तरांना म्हणाला. "तिसरा लिहिलाय."

तिसऱ्यावर मी राहते.

मग त्याने दार पाहिलं. बिजागऱ्यांकडून उचकटलं असतं तर चौकट वाचली असती, एवढं म्हणाला. फुलाभोवती एक चक्कर मारली. कोण कोण आलं होतं ते विचारलं. मास्तर, मास्तरांची बायको, पहिल्या मजल्यावरची मंडळी, मी, एकेकाकडे बघत राहिला. सगळे त्याच्यावर चिडलेले, कारण तो मेला नव्हता, आणि हा मात्र खुशीत दिसत होता. मला म्हणाला, तुमचे डोळे लाल झालेत. मी म्हटलं, घाणीने झालेत. तो बरं म्हणाला.

लगेच कमिटीची सभा झाली. झाड फेकून द्या असं मीच सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. शेवटी ठरलं की फूल उमलायच्या आदल्या दिवशी त्याने फळ्यावर लिहायचं आणि वास जाईपर्यंत खोकं गच्चीवर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात आला आणि एक चावी पुढे केली. नवीन कुलपाची.

"पुढच्या वेळी फोडू नका," म्हणाला.

मला तुमच्या घरात पाऊल टाकायची हौस नाही, मी म्हटलं. त्याने बरं म्हटलं आणि चावी माझ्या मशीनवर ठेवून गेला. मी ती बटणांच्या डब्यात टाकली.

त्यानंतर दर वर्षी थंडी संपता संपता फळ्यावर अक्षरं दिसायची, 'उद्यापासून फूल'. आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. मास्तरांची बायको तेवढे दिवस बहिणीकडे जाऊन राहायची, आणि मास्तरांना वास सोसूनही सुटल्यासारखं व्हायचं. चावीवाला खोकं छातीशी धरून वर न्यायचा आणि गच्चीवर त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसायचा. मी एकदा वाळत घातलेले पडदे काढायला गेले तेव्हा विचारलं, एवढ्या घाणीत बसवतं कसं? म्हणाला, वर्षभर निजतं बिचारं, दोन दिवस बोलतं, ऐकायला कुणीतरी नको? मी पडदे काढले आणि ते पुन्हा धुवावे लागले म्हणून त्याला चार शब्द ऐकवले.

या वर्षी फळ्यावर काही नव्हतं, आणि वास आला.

मास्तर म्हणाले, विसरला असेल, म्हातारा झाला, सोसा दोन दिवस. सगळ्यांनी खिडक्या लावल्या. दार फोडण्याचं कुणाच्या मनातही आलं नाही, एकदा फसलो होतो तेवढं पुरे होतं. मीही दात-ओठ खात बसले. पण दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक बाई पडद्यांचं मोठं काम घेऊन आली, दारातच थबकली, नाक दाबलं, आणि कापडाचा गठ्ठा तसाच उचलून परत गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठरवून दिलेलं एक काम या माणसाला होत नाही? जिना चढताना मी सगळं मनात लावून घेतलं, कुठून सुरू करायचं आणि कुठे नेऊन टेकवायचं.

दार बंद होतं. मी थांबले नाही. तशीच दाराशी उभी राहून सगळं बोलले. मोरी काढली, खुर्ची काढली, गेलेलं गिऱ्हाईक काढलं. तुम्ही एकटे राहता म्हणजे इमारत तुमची झाली का, एकटी तर मीही राहते, मी आणते का असली ब्याद घरात, असंही बोलले. श्वास घ्यायला थांबले.

आतून 'बरं' आलं नाही.

मी वाट पाहिली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी खाली धावले, बटणांचा डबा जमिनीवर उपडा केला. चावी हातात येईना, सगळीकडे बटणंच. वर आले तर घाईत आधी ती उलटीच घातली. सुलटी गेल्यावर लोण्यासारखी फिरली. काम चोख होतं मेल्याचं.

फूल टेबलावर उभं होतं, खोक्याचं झाकण बाजूला सारून. चावीवाला मोरीच्या उंबऱ्यात पडला होता, एक पाय भलताच वळलेला, ओठ सुकून फाटलेले. मी जागच्या जागी खिळले. मग त्याने डोळे उघडले आणि माझा जीव भांड्यात पडला. मी चमच्याने पाणी घातलं. परवापासून पडला होता. तीन-चार चमचे गेल्यावर त्याला आवाज फुटला.

"तुमचं सगळं ऐकलं," तो म्हणाला. "आवाज निघेना. नाहीतर बरं म्हटलं असतं."

मी खाली बसले आणि रडले. घाण होतीच, पण घाणीने नाही.

अँब्युलन्सवाले आले ते दारातच नाकाला रुमाल लावून थांबले. त्यांच्यातला एक हळूच मला म्हणाला, बाई, किती दिवस झाले? जमिनीवरून चावीवालाच बोलला, "अजून आहे." मग ते घाईने आत आले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात तो बरेच दिवस होता. मी डबा नेत असे. मास्तर वर्तमानपत्र नेत आणि स्वतःच वाचून परत आणत. काठी टेकत घरी आला त्या आठवड्यात कमिटीची सभा झाली आणि मीच उभी राहून म्हटलं की यापुढे फूल गच्चीवर न्यायचं नाही. जिथे आहे तिथे उमलू दे. मास्तरांच्या बायकोने विचारलं, आणि वासाचं काय? वास आला पाहिजे, मी म्हटलं, आला की मी वर जाऊन बघेन. मास्तरांनी ठराव लिहून घेतला.

सभा उठल्यावर मी त्याच्याबरोबर वर गेले, काठी असली तरी जिना जिना असतो. कुंडीत नवं पान वर येत होतं. मोठ्या कंदाला बाजूने लहान लहान कंद सुटतात, ते त्याने काढून वाटीत ठेवले होते, सुपारीएवढे. मी वाटीकडे बघत होते. माझ्या दोन खोल्या, मशीन, रविवारचा फोन आणि मधले सहा दिवस, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं.

"एक मला द्या," मी म्हटलं.

त्याने वाटीतला सगळ्यांत मोठा निवडला, पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. मग त्याने पाणी कसं घालायचं ते सांगितलं, आणि याला फूल धरायला चार-पाच वर्षं तरी लागतील, असंही म्हणाला.

"मग तोवर माझं काय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

चावीवाल्याने काठीवर दोन्ही हात ठेवले.

"तोवर," तो म्हणाला, "तुमची एक चावी द्या."

मी म्हटलं, "बरं."